पत्ता सापडला की थांबायचं

टेबलावर दुसऱ्या कोणाचा कागद पडलेला दिसला की बाई आधी तो उलटा करायच्या आणि मग आपली पर्स ठेवायच्या. कागद कसला आहे, हे बघायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. एकदा मी घरच्या सामानाची यादी त्यांच्या टेबलावर विसरलो होतो, तीही उलटी झालेली सापडली. मी म्हटलं, "बाई, यात काय झाकायचंय? पोहे आणि साबण तर आहे." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आता कळलं. मघाशी माहीत नव्हतं."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना आधी हसतो, मग त्यांच्या सवयीची आपल्याला सवय होते, आणि ती माणसं गेल्यावर आपणच दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद उलटा करायला लागतो. निदान माझं तरी तसं झालं.

आमची कंपनी नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत होती. कंपनी म्हणजे बारा माणसं, एक पाण्याचा पिंप आणि खालून दिवसभर येणारा छपाईच्या शाईचा वास. आम्ही ईमेलचा एक प्रोग्रॅम तयार करत होतो. तेव्हा संगणकावर मराठीत चार ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटायचा. अक्षरं इकडून नीट निघायची आणि तिकडे चौकोन होऊन पोचायची. कोणालाही मराठीत सरळ पत्र लिहिता यावं आणि आलेलं सरळ वाचता यावं, एवढाच आमच्या साहेबांचा ध्यास होता.

एक दिवस साहेब पन्नाशीच्या एका बाईंना घेऊन आले आणि म्हणाले, या पत्रं लिहितील. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रोग्रॅम तपासायला पत्रं लागतात हे खरं, पण आम्ही 'टेस्ट टेस्ट कखग' असं काहीतरी बडवून एकमेकांना पाठवायचो आणि आमचं भागायचं. आमच्यातल्या एकाने विचारलंच, संगणक येतो का म्हणून. बाई म्हणाल्या, "शिकवलंत तर येईल. नाही शिकवलंत तर बघून येईल. दुसऱ्या रीतीला जरा वेळ लागतो." त्याने निमूटपणे खुर्ची दिली.

बाई मूळच्या विश्रांतवाडीच्या. वडील कारखान्यात कामगार, आणि वस्तीत लिहिता-वाचता येणारी पहिली मुलगी हीच. चौथीत असल्यापासून त्या सगळ्या गल्लीची पत्रं वाचून दाखवायच्या आणि उत्तरंही लिहून द्यायच्या. कोणाचा नवरा परगावी, कोणाचा मुलगा पलटणीत. पत्र वाचून झालं की विसरायचं, हे त्यांना आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढे त्या टपाल खात्यात लागल्या आणि बरीच वर्षं बेवारस पत्रांच्या विभागात होत्या. ज्या पत्रावरचा पत्ता चुकलाय आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही, असं पत्र शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. दुसऱ्याचं पाकीट फोडायची परवानगी खात्यात फक्त या लोकांना. आत कुठे गाव, गल्ली, नाव सापडलं तर पत्र मार्गाला लावायचं, एवढंच काम.

त्या कामाची रीत त्यांनी मला एका दुपारी डबा खाताना सांगितली. पाकीट फोडायचं, वरून वाचायला लागायचं, आणि पत्ता सापडला की थांबायचं. पुढच्या ओळीत काय आहे ते आपलं नाही. मी विचारलं, पत्ता अगदी शेवटच्या ओळीत असला तर? बाई म्हणाल्या, मग सगळं वाचायला लागतं, आणि मग घरी जाताना विसरायला लागतं. हे त्या अशा सहज बोलल्या, की विसरणंही त्यांच्या ड्यूटीत धरलं असावं.

बाईंनी आमच्यासाठी लिहिलेली पत्रं मात्र कोणाला विसरता आली नाहीत. त्यांनी सांगोल्याची एक सुमन आणि तिची निगडीला दिलेली बहीण विमल अशा दोघी मनाने रचल्या आणि त्यांची पत्रं या संगणकावरून त्या संगणकावर सुरू केली. सुमनची म्हैस आटली, विमलच्या सासूने वेगळी चूल मांडली, सुमनच्या दिराने न विचारता स्कूटर विकली. आम्ही अक्षरं तपासायला पत्र उघडायचो आणि दिराला शिव्या घालत मिटायचो. साहेबसुद्धा येताजाता विचारायचे, त्या दिराचं पुढे काय झालं? बाई मान वर न करता सांगायच्या, "पत्र वाटेत आहे. उद्या कळेल." जोडाक्षरांच्या जेवढ्या चुका आम्हाला वर्षभरात सापडल्या नव्हत्या, तेवढ्या सुमनच्या दिराने महिनाभरात काढून दिल्या.

मग साहेबांनी ठरवलं की प्रोग्रॅम लोकांना फुकट द्यायचा आणि त्यात जाहिराती दाखवायच्या. हे काम माझ्याकडे आलं. त्याचे दोन भाग होते. पहिला सोपा. पत्रातला एखादा शब्द निवडून 'शोध' दाबलं, की प्रोग्रॅममधूनच इंटरनेटवर त्याची माहिती शोधायची. दुसरा अवघड, आणि म्हणून माझा लाडका. प्रोग्रॅमने आलेलं पत्र स्वतः वाचायचं, त्यात कशाबद्दल लिहिलंय ते ओळखायचं आणि उजवीकडच्या पट्टीत त्याला साजेशा जाहिराती लावायच्या. गावच्या आंब्यांचा विषय निघाला की आंबेवाला, चष्मा फुटला की चष्मेवाला. मी तेव्हा तिशीचा होतो आणि आपल्यासारखा हुशार माणूस पेठेत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सुरुवातीला प्रोग्रॅमने माझी बरीच शोभा केली. 'पोरीने आमचं नाक कापलं' असं सुमनने लिहिलं, तर शेजारी नाकावर शस्त्रक्रिया करणारा दवाखाना आला. त्यावर सगळे हसले, बाईही हसल्या. पण विमलच्या सासऱ्यांच्या तेराव्याच्या पत्राशेजारी 'शंभर पानांपासून ऑर्डर स्वीकारू' म्हणणारा केटरर उभा राहिला, तेव्हा बाई हसल्या नाहीत. ज्या शब्दांशेजारी जाहिरात नको, त्यांची यादी त्या वहीत करायला लागल्या. वारले, दवाखाना, कोर्ट, नांदवत नाही. यादी वाढत वाढत 'आई'पर्यंत आली, तेव्हा मी वैतागलो. म्हटलं, बाई, अशाने जाहिरातीला फक्त पोहे आणि साबण उरेल. "उरू दे की," त्या म्हणाल्या, "तेवढंच उघडं ठेवण्यासारखं असतं." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचा प्रोग्रॅम कुठे थांबतो?"

मी म्हटलं, "थांबत नाही. शेवटपर्यंत वाचतो." हे मी अभिमानाने सांगितलं होतं, हे आठवून अजून कानशिलं तापतात.

त्यावर कडी म्हणजे मी आणखी एक शहाणपणा केला. पत्र बंद केलं की जाहिरातीही जायच्या, ते मला बघवेना. मग मी असं केलं, की गेल्या काही दिवसांतली सगळी पत्रं मिळून प्रोग्रॅमने माणसाचा विषय ओळखायचा, आणि एकही पत्र उघडं नसलं तरी पट्टी भरलेली ठेवायची. साहेबांनी पाठ थोपटली. ऑफिसातल्या सगळ्यांनी आपला घरचा पत्रव्यवहारही याच प्रोग्रॅमवर करावा, म्हणजे चांगली परीक्षा होईल, असं ठरलं. बाईंनी तेवढं मान्य केलं.

बाईंना एक मुलगी होती. ती तीन वर्षांची असताना बाईंचे यजमान गेले, तेव्हापासून घरात या दोघीच. मुलगी नुकतीच शिकून बाहेर पडली होती आणि तिला बंगळूरला नोकरी लागली होती. एका शुक्रवारी ती नेमणुकीचं पत्र छापून घ्यायला आमच्याकडे आली. बाई कामाला बाहेर गेल्या होत्या. कागद छापायला आईच्या मेलवर पाठवलाय, तिने घ्यायला सांगितलंय, असं ती म्हणाली. मी बाईंचा संगणक उघडून दिला आणि प्रिंटरपाशी उभा राहिलो. तिने आपला कागद छापला, पत्र मिटलं. बाकी सगळी पत्रं मिटलेलीच होती. पण ती खुर्चीतून उठेना. उजवीकडच्या पट्टीकडे बघत राहिली.

पट्टीत तीन जाहिराती होत्या. पन्नाशीनंतर जोडीदार मिळवून देणारं एक मंडळ. नोंदणी विवाहाचं सर्व मार्गदर्शन. दोघांसाठी कोकण सहल.

"दादा, या जाहिराती कशावरून येतात?" तिने विचारलं.

आणि मी मूर्खासारखा रंगात येऊन सगळं समजावून सांगितलं. ज्याची जशी पत्रं, तशा त्याच्या जाहिराती. आता प्रोग्रॅम किती अचूक झालाय, तेही सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि आईची वाट न बघता निघून गेली. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

सोमवारी बाई आल्या त्या सरळ माझ्या टेबलापाशी. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, "मुलीला मी रविवारी सांगणार होते. तुमच्या प्रोग्रॅमने शुक्रवारी सांगितलं."

मग जेवढं मला कळायला हवं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. पाटणकडच्या एका गावात एक पोस्टमास्तर होते. बेवारस पत्रांच्या कामात त्यांची चौकशी-उत्तरं बाईंकडे वर्षानुवर्षं यायची. सदर इसम गाव सोडून गेला आहे, त्याच्या भावाकडे विचारून कळवतो, असं ते लिहायचे आणि खरंच चार कोस चालत जाऊन विचारून कळवायचे. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, अक्षर तेवढं ओळखीचं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर बाईंनी पाठवलेली आमच्या प्रोग्रॅमची चाचणीची प्रत पुतण्याने त्यांना लावून दिली आणि सरकारी पत्रव्यवहार घरगुती झाला. आता दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं. ते आधी लेकीला सांगायचं, तिच्याशी बोलून, तिच्या शेजारी बसून, एवढीच बाईंची इच्छा होती. "शुक्रवारी रात्री तिने मला जाब विचारला, त्यानंतर दोन दिवस बोललेली नाही," बाई म्हणाल्या. "मी लग्न करते याचा राग नाही तिला. जाहिरातवाल्याला आधी कळलं, याचा आहे."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या जागेवर गेल्या आणि टाइप करायला लागल्या.

दुपारी बैठक होती. पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅम लोकांच्या हाती द्यायचा होता. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आपली मेल लावली. पत्रं सगळी मिटलेली. आम्ही पट्टी बघितली. जुनं ऑफिस फर्निचर योग्य दरात घेऊ. पेठेतली जागा विकायची आहे? अनुभवी इंजिनियरांसाठी नोकऱ्या. साहेबांनी वळून बघितलं तर आमचे सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एकाने तर धीर करून विचारलं, साहेब, कधी बंद करताय?

बाई उठल्या. म्हणाल्या, "सकाळी साहेबांना मी तीन पत्रं पाठवली. कंपनी बंद करण्याबद्दल. तिन्ही खोटी आहेत, सुमनच्या पत्रांइतकीच. यातलं एकही पत्र तुम्ही कोणी उघडलं नाहीत, आणि सगळ्यांनी वाचलं. दोघांनी तर मनातल्या मनात राजीनामासुद्धा लिहिला असेल." त्या दोघांपैकी एक मी होतो.

साहेब चिडले. जाहिरातीच नसतील तर फुकट कसं द्यायचं, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं चुकीचं नव्हतं. बाईंकडे उत्तर तयार होतं. पत्राला हात लावू नका. माणूस स्वतः शब्द निवडून 'शोध' दाबतो ना, तेव्हा त्या उत्तराशेजारी खुशाल जाहिरात लावा. काउंटरवर येऊन त्याने विचारलं तर सांगा, त्याच्या पाकिटात डोकावून सांगू नका. आणि असं जमणार नसेल तर उद्यापासून मी येत नाही. हे शेवटचं त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्या लगेच आपला डबा पिशवीत भरायला लागल्या होत्या.

ते चार महिन्यांचं काम माझं होतं, म्हणून मीच बोललो. म्हटलं, साहेब, मी ते काढून टाकतो. साहेबांनी पडद्यावरची मेल बंद केली. मग बाईंना म्हणाले, डबा ठेवा खाली.

काढायला तीन दिवस लागले. उजवीकडची पट्टी रिकामी झाली आणि तिथे पांढरी जागा उरली. आता इथे काय घालायचं, मी बाईंना विचारलं. "राहू दे मोकळी," त्या म्हणाल्या. "पत्राला समास लागतो." ती जागा आम्ही शेवटपर्यंत भरली नाही. लोक पत्रं पाठवून विचारायचे, तुमच्या प्रोग्रॅमच्या कडेला एवढी जागा वाया का? साहेब उत्तर द्यायचे, आमच्या बाईंनी सोडली आहे.

पुढे पंधरा दिवसांनी बाई एका सकाळी जरा लवकर आल्या. हसत नव्हत्या, पण चालण्यात फरक होता. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "काल मुलीने विचारलं, त्यांना चहात साखर किती लागते." एवढं सांगून त्या कामाला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन छापखान्यातल्या सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

लग्न विश्रांतवाडीच्या विहारात झालं. पांढरी साडी नेसलेल्या बाई प्रथमच घाबरलेल्या दिसल्या, आणि मुलगी त्यांचा हात धरून उभी होती. ते गृहस्थ उंच, किडकिडीत, बोलायला लाजरे. मला म्हणाले, तुमच्या प्रोग्रॅमचे उपकार आहेत. मी बाईंकडे बघितलं. बाई दुसरीकडे बघत होत्या. त्यानंतर त्या पाटणकडे राहायला गेल्या. मुलगी बंगळूरला गेली.

आमचा प्रोग्रॅम आणखी काही वर्षं चालला. मग मोठमोठ्या कंपन्यांची फुकट मेल आली. तीत सगळं होतं, समास तेवढा नव्हता. साहेबांनी दुकान मिटवलं. त्या दुपारच्या निर्णयाबद्दल त्यांनी बाईंना कधी बोल लावला नाही, मलाही नाही. मी आता दुसरीकडे नोकरी करतो आणि तिथे माणसांबद्दल काय काय गोळा करतात, ते बघून गप्प बसतो. ही माझी गोष्ट फारशी सांगण्यासारखी नाही. बाई असत्या तर गप्प बसल्या नसत्या.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांचा ताप आला आणि गेल्या; पोस्टमास्तर त्यांच्या आधीच गेले होते. मला कळलं ते मुलीचा फोन आला तेव्हा. एका शनिवारी दुपारी ती आईचा जुना संगणक, साहेबांनी निरोपाला दिलेला ऑफिसातलाच, घेऊन माझ्या घरी आली. बाईंनी शेवटपर्यंत आमचाच प्रोग्रॅम वापरला होता, आणि तो आता चालवता येणारा ओळखीतला माणूस मीच उरलो होतो. आईची पत्रं कुठे कुठे जायची ते आम्हाला ठाऊक नाही, मुलगी म्हणाली, त्या सगळ्यांना कळवायचंय. पासवर्ड बाईंनी एका पाकिटात घालून तिच्याकडे देऊन ठेवला होता.

प्रोग्रॅम सुरू झाला. डावीकडे पत्रांची यादी, उजवीकडे पांढरी जागा. मुलगी त्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिली. मग आम्ही कामाला लागलो. मी नाव आणि पत्ता वाचायचा, तिने कागदावर उतरवायचा. एकही पत्र उघडलं नाही. खात्यातल्या जुन्या मैत्रिणी, वस्तीतल्या दोघीतिघी, सांगलीचे एक निवृत्त पोस्टमन, आमचे साहेब. तासाभरात कागद भरला.

शेवटी मी अपुऱ्या पत्रांचा कप्पा बघितला, तिथे एखादं नाव राहिलं असेल म्हणून. आत एकच पत्र होतं, लिहून झालेलं, न पाठवलेलं. वर तारीख त्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाची. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'रविवारी सांगायचं ते'. आणि त्यावर पत्ता मुलीचा.

समोरासमोर बोलायच्या आधी बाईंनी ते नीट लिहून काढलं असणार. मग शुक्रवार आला आणि पत्राचं काम राहिलं नाही. दोघी पुढे बोलल्या, हसल्या, लग्न झालं, सगळं झालं. पण आई आपल्याला कसं सांगणार होती, ते मुलीने कधी ऐकलंच नव्हतं.

"दादा, हे माझं आहे का?" तिने विचारलं.

"पत्ता तुझाच आहे," मी म्हटलं.

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली, टेबलावरचा पत्त्यांचा कागद उलटा केला, आणि चहा ठेवायला आत गेलो.